सायंकाळी सहा ते आठ मोबाईल बंद : उमरग्याच्या जकेकुरवाडीनं नेमकं काय ओळखलं?

मोबाईलमुळे नाती तुटतात, ही तक्रार घरोघरी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहानशा गावानं त्यावर तक्रारीपलीकडचं काहीतरी करून पाहिलं. त्यात शिकण्यासारखं काय आहे आणि अडचण कुठे आहे?

उमरगा तालुक्यातल्या जकेकुरवाडीनं २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. रोज सायंकाळी सहा ते आठ गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून उस्मानाबाद होतं. निर्णयामागचं कारण साधं होतं, मुलांचा अभ्यास. कोरोनात शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाईलवर आला. पुढे शाळा उघडल्या, अभ्यास वर्गात परत गेला, मोबाईल मात्र मुलांच्या हातातच राहिला.

अशी बातमी आली की लोक कौतुकानं वाचतात, चार ग्रुपवर फॉरवर्ड करतात, तेही मोबाईलवरूनच, आणि विसरून जातात. पण या निर्णयात मुलांच्या अभ्यासापेक्षा मोठी गोष्ट दडलेली आहे. गावानं कुणा एकाला फोन बंद ठेवायला सांगितलं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी बंद ठेवायचा, असं ठरवलं. नात्यांच्या बाबतीत सगळा फरक याच एका गोष्टीनं पडतो.

ही कल्पना आली कुठून?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुरू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. टीव्ही बंद राहणार नाही, असं काहींना ठामपणे वाटत होतं. मग शिक्षक, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीची माणसं घरोघरी फिरली. या प्रयोगाची दखल देशभर घेतली गेली आणि इतर गावांनीही तो उचलला. जकेकुरवाडी त्यातलंच एक.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, बांशी गावाच्या ग्रामसभेनं वेगळा ठराव केला. अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचाच नाही. दोन्ही बातम्या बहुतेकांनी एकाच पिशवीत टाकल्या. प्रत्यक्षात त्या दोन टोकांच्या कल्पना आहेत. त्याबद्दल पुढे.

एकट्यानं फोन ठेवला तर का भागत नाही?

‘मनावर ताबा हवा’ हा या विषयावरचा सगळ्यात लोकप्रिय सल्ला. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

एखाद्या बापानं ठरवलं की आजपासून सात वाजता फोन कपाटात ठेवायचा. फोन कपाटात गेला तरी बाकीचं जग चालूच राहतं. साखर कारखान्याचा चिटबॉय उसाच्या तोडीसाठी त्याच वेळी फोन करतो. भावकीच्या ग्रुपवर बांधावरून वाद पेटलेला असतो आणि उत्तर दिलं नाही तर गप्प बसला म्हणजे कबूल आहे, असा अर्थ निघतो. मेव्हणा तीनदा फोन करतो आणि चौथ्यांदा बहिणीच्या फोनवर करून विचारतो, ‘दाजी रागावलेत का?’ आठवडाभरात तो फोन कपाटातून परत खिशात येतो. त्याची इच्छाशक्ती कमी पडली, असं म्हणून मोकळं होता येतं. खरं तर त्याच्या भोवतीच्या माणसांची अपेक्षा बदललेली नव्हती.

ही अपेक्षा आभाळातून पडलेली नाही. ती ॲपच्या रचनेतून तयार झाली आहे. व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिक आणल्या. तांत्रिकदृष्ट्या ही अगदी छोटी सोय आहे. समोरच्या फोननं मेसेज उघडला, की त्याची खूण पाठवणाऱ्याला दिसते. पण या खुणेनं गप्प बसण्याचा अर्थच बदलून टाकला. पूर्वी पत्राचं उत्तर आलं नाही तर दोष पोस्टावर जायचा. पत्र हरवलं असेल, पोस्टमन आला नसेल, पाऊस असेल. नात्याला थोडी जागा मिळायची. निळ्या टिकनंतर दोष थेट माणसावर येतो. वाचलं, तरी उत्तर नाही! या टिक बंद करता येतात, पण तसं केलं की ‘यानं टिक का बंद केल्या?’ हा नवा प्रश्न तयार.

दुसरी रचना रीलची. बोट वर सरकवत राहिलं की नवं येतच राहतं, शेवट कधी येतच नाही. न संपणाऱ्या पानाची ही कल्पना २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं मांडली आणि पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो, पारावरच्या गप्पाही डास चावायला लागले की संपतात. रील संपत नाही. त्यामुळे ‘आता पुरे’ हे ठरवण्याचं काम दिवसभर शेतात किंवा दुकानात राबलेल्या माणसावर येतं, तेही रात्री दहा वाजता. कंपनीकडे शेकडो इंजिनिअर आणि या माणसाकडे एक दमलेला अंगठा, अशी ही लढत आहे.

म्हणूनच मोहित्यांचे वडगाव आणि जकेकुरवाडीचा उपाय हुशारीचा आहे. ठरलेल्या वेळेत सगळ्यांचेच फोन बंद असले तर उत्तर न देण्यात अपमान राहत नाही. कुणी कुणावर रागवायचं कारण उरत नाही. शेजारचा मुलगा गेम खेळत नसला की आपल्या मुलाची कुरकुरही निम्मी होते. जे काम एकट्याच्या निर्धारानं होत नाही, ते सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या वेळेनं होतं.

रुसवे-फुगवे गेले कुठे?

मोबाईलनं नाती संपवली, असं सरसकट म्हणणं सोपं आहे. मराठवाड्यात फिरताना दिसतं ते थोडं वेगळं. नाती आहेत, मानपान आहे, रुसवेही आहेत. फक्त त्यांची जागा बदलली आहे.

लग्नपत्रिकेचं घ्या. पूर्वी पत्रिका द्यायला माणूस यायचा, चहा व्हायचा, एसटीची वेळ टळायची, मुक्काम पडायचा. आता पत्रिकेचा फोटो किंवा गाणं लावलेला व्हिडिओ येतो आणि खाली ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही ओळ असते. ही ओळ आधीही पत्रिकांवर असायची. पण तेव्हा ती न जमलेल्या भेटींसाठीची माफी होती. आता तीच मुख्य निमंत्रण झाली आहे. ‘व्हॉट्सॲपवर बोलावलं, व्हॉट्सॲपवरच शुभेच्छा देऊ’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं, आणि त्यात चेष्टेपेक्षा दुखावलेपण जास्त असतं.

दुःखाच्या प्रसंगी हे अधिक टोचतं. गावातलं कुणी गेलं की ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. हात जोडलेल्या चिन्हांनी स्क्रीन भरते. मातीला मात्र ठरलेलीच माणसं असतात. या भागात ‘मातीला जाणं’ हे नात्याचं शेवटचं आणि सगळ्यात पक्कं माप होतं. वैर असलं तरी मातीला जायचं, हा अलिखित नियम. आता मेसेज टाकला की कर्तव्य झाल्यासारखं वाटतं, आणि ज्याच्या घरी दुःख झालं तो पुढे कित्येक वर्षं हे विसरत नाही की अमका आला नाही, त्यानं फक्त मेसेज टाकला.

उलट बाजूही आहे. दुबईत किंवा बंगळुरूत असलेल्या नातवाला आजोबांचं शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर झालं, तर त्याला नकली म्हणायची हिंमत कुणी करू नये.

रुसण्याचं तर वेगळंच नाट्य झालं आहे. एकेकाळी रुसलेला पाहुणा पंगतीतून उठायचा आणि चार माणसं त्याची समजूत काढायला मागे धावायची. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सुरुवातीची काही वर्षं असंच होतं. कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं, मग फोन जायचे, ‘अहो, असं काय करता’, पुन्हा सामील करून घेतलं जायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीनं गुपचूप ग्रुप सोडायची सोय जाहीर केली. म्हणजे फक्त ॲडमिनला कळणार. खासगीपणाच्या दृष्टीनं हा बदल चांगलाच आहे. पण रुसण्याचा हेतूच मुळी कुणीतरी समजूत काढावी हा असतो. रुसलेलं कुणाला कळलंच नाही तर समजूत कोण काढणार?

सोयरिकीतला बदल सगळ्यात खोल आहे. मध्यस्थ पूर्वीही होते आणि त्यांनी खोटं बोलल्याच्या कथाही भरपूर आहेत. पण मध्यस्थाला दोन्ही घरांत पुन्हा तोंड दाखवायचं असायचं. मुलगा दारू पितो हे लपवलं तर पुढची वीस वर्षं त्याला त्या गावात बोलणी खावी लागायची. आज बायोडाटाची पीडीएफ वधू-वर ग्रुपवर फिरते. एका ग्रुपमध्ये २०२२ च्या अखेरीपासून १,०२४ जण मावू लागले. त्यातल्या कुणाचीही त्या पीडीएफबद्दल जबाबदारी नसते. मग दोन्हीकडची पोरं-पोरी एकमेकांचं इन्स्टाग्राम तपासतात. मुलीनं एखाद्या लग्नात नाचतानाचं रील टाकलं असेल तर स्थळ मोडतं. मुलानं तलवारीनं केक कापल्याचं रील टाकलं असेल तर तेच घर ‘पोरगा जरा हौशी आहे’ म्हणून चालवून घेतं. यात मोबाईलचा दोष किती आणि आपला किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न जमत नसलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. फोटो देशभर फिरले, लोक हसले. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, हे दुखणं तिथंही होतं आणि इथंही आहे. हजार लोकांच्या ग्रुपमध्ये बायोडाटा टाकून ते कमी होत नाही. उलट, हजार जणांनी वाचून कुणीच उत्तर दिलं नाही, याची एक वेगळी बोच तयार होते.

पण सातच्या कॉलचं काय?

इथं जकेकुरवाडीच्या निर्णयाची खरी अडचण येते. धाराशिव हा स्थलांतराचा जिल्हा आहे. पोरं पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, हैदराबादलाही आहेत. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सहा-सहा महिने राहतात. अनेकदा मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात.

या माणसांसाठी मोबाईल नात्याच्या आड येत नाही. नातंच मोबाईलमध्ये असतं. आणि पुण्याच्या कंपनीतून सुटलेला मुलगा घरी फोन करतो तो साधारण सहा ते आठच्या दरम्यानच. फडातून कोपीवर परतलेली आई चूल पेटवण्याआधी लेकराचा आवाज ऐकते, तीही वेळ तीच. नेमक्या त्या दोन तासांत घरातला फोन बंद असेल तर अभ्यास होईल, पण तो आवाज पोचणार नाही.

फोन नसण्याचा अर्थ काय होतो, हे उमरगा-लोहारा पट्ट्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरसोबत याच भागातली गावं कोसळली. बाहेरगावी असलेल्यांना बातमी रेडिओवरून कळली, पण आपल्या घरातलं कोण वाचलं हे कळायला गाव गाठावं लागलं. त्या पिढीच्या माणसाला ‘मोबाईल वाईट’ असं सांगून पाहा. तो ऐकून घेईल, पण मुलाचा फोन उचलला नाही तर रात्रभर झोपणार नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत हमखास राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या महिलांपैकी सुमारे ५४ टक्के महिलांकडेच त्या स्वतः वापरतात असा मोबाईल आहे. म्हणजे जवळपास निम्म्या जणी फोन मागून घेतात, नवऱ्याचा, सासूचा, मुलाचा. सासरी नांदणाऱ्या मुलीला आईशी मोकळेपणानं दोन शब्द बोलायला मिळणं हे अजूनही अनेक घरांत फोन कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. ‘सून सारखी फोनवर असते’ या तक्रारीमागे कधी रील असतात, कधी फक्त आई असते. दोन्हीला एकच नियम लावणं अन्यायाचं आहे. शिवाय सहा ते आठ ही तिची स्वयंपाकाची वेळ. त्या दोन तासांत घरातले बाकीचे फोन बंद करून काय करतात, भाजी चिरायला बसतात की पारावर जातात, हेही पाहायला हवं. नाहीतर ‘कुटुंबासाठी दिलेली वेळ’ म्हणजे तिच्यासाठी रोजचाच स्वयंपाक, फक्त मालिकेशिवाय.

नियम कुणासाठी?

म्हणून बांशी आणि जकेकुरवाडी यांतला फरक महत्त्वाचा आहे. बांशीचा ठराव मुलांवर आहे. मोठ्यांचा फोन तसाच राहतो. हेतू चांगला आहे, आणि जगातही आज हाच मार्ग जास्त चर्चेत आहे. ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. मात्र तिथं शिक्षा मुलाला किंवा पालकाला नाही. नियम पाळला नाही तर कंपनीला जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. न संपणारं पान ज्यांनी बनवलं, जाब त्यांनाच. गावाकडे ही ताकद नाही. ग्रामसभा फार तर पोराच्या हातातला फोन काढून घेऊ शकते, कॅलिफोर्नियातल्या कंपनीला नोटीस पाठवू शकत नाही.

घरात मात्र मुलावर बंदी आणि बापाच्या हातात रील, हे फार दिवस चालत नाही. मुलं नियमापेक्षा बापाकडे बघतात. आणि बंदी आलीच तर ती आधी कुणावर येते? मुलीवर. मुलाचा फोन ‘अभ्यासासाठी लागतो’ आणि मुलीचा ‘कशाला हवा’ हे दुहेरी माप सगळ्यांच्या ओळखीचं आहे. फक्त मुलांसाठी केलेला नियम प्रत्यक्षात फक्त मुलींसाठी होऊन बसण्याचा धोका मोठा आहे.

सहा ते आठच्या नियमात सरपंच, शिक्षक, बाप, मुलगा सगळे एकाच रेषेत येतात. त्याची खरी ताकद यातच आहे आणि म्हणून तो बांशीच्या ठरावापेक्षा सरस आहे. पण तो जसाच्या तसा उचलून सगळ्या जिल्ह्यात लावायचा असेल तर दोन दुरुस्त्या हव्यात. पहिली, बंद काय करायचं हे नीट ठरवणं. रील, गेम, मालिका, ग्रुप बंद. घरच्यांचा कॉल चालू. साधी रिंग वाजली तर उचलायची, हे आजीलाही समजतं. इंटरनेट बंद करून कॉल चालू ठेवणं हे फोनमध्ये एका बोटाचं काम आहे. पुण्यातला मुलगा व्हिडिओ कॉल करत असेल तर त्याला आठनंतर करायला सांगता येईल. तेवढं तोही समजून घेईल.

दुसरी दुरुस्ती वेळेची. मोहित्यांच्या वडगावानं सात ते साडेआठ निवडली, जकेकुरवाडीनं सहा ते आठ. प्रत्येक गावाचं घड्याळ वेगळं असतं. दुधाची वेळ वेगळी, शेतीपंपाला वीज कधी येते ते वेगळं, तुळजापूरसारख्या ठिकाणी तर नवरात्रात आणि पौर्णिमेला दुकानदारांना सायंकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते. वेळ ठरवताना ज्यांना ती पाळायची आहे, त्यांना विचारावं लागेल. त्यात सुनाही आल्या आणि बाहेरगावी जाणारेही आले.

एरवी ग्रामसभेला कोण बसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची एक सोय आहे. तेव्हा कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झालेले नसतात, ऊसतोडीच्या गाड्या निघालेल्या नसतात. मुलांना मागे ठेवून जाणारे आई-बाप अजून गावातच असतात. रोज कोणत्या वेळी फोन बंद ठेवायचा आणि कोणत्या वेळी लेकरासाठी तो नक्की चालू ठेवायचा, हे त्यांना त्या दिवशी समोरासमोर विचारता येतं.